दुपटीतून विविधतेकडे : रायस्वाइकची रानफुले आणि गुणसूत्रांचा गुणाकार

नेदरलँड्सच्या दक्षिण हॉलंड प्रांतात, द हेग आणि डेल्फ्ट या दोन शहरांच्या मधोमध वसलेले रायस्वाइक हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना १६९७ च्या तहामुळे माहीत असते. यूरोपातील नऊ वर्षांचे युद्ध मिटवणारा तो तह याच गावातील एका राजवाड्यात झाला. वनस्पतींच्या उत्क्रांतीची कथा सांगण्यासाठी मात्र राजवाड्याकडे जाण्याची गरज नाही, कारण त्या कथेची पात्रे गावाच्या पदपथावर, व्हलीट कालव्याच्या काठावर आणि जुन्या झाडीच्या सावलीत उगवलेली असतात. फरसबंदीच्या फटींत वाढणारे पोआ अनुआ हे बुटके गवत, मोकळ्या मातीवर रुजणारी आणि त्रिकोणी पिशवीसारख्या शेंगा धरणारी कॅप्सेला, हिरवळीत पसरणारे पांढरे क्लोव्हर, मार्च महिन्यात झाडाखालची जमीन पिवळी करणारी फिकारिया आणि एप्रिल-मेमध्ये कुरणे झाकून टाकणारे डँडेलियन म्हणजे दुग्धफेणी या पाच वनस्पती दिसायला एकमेकींपासून अगदी वेगळ्या असल्या, तरी त्यांच्या पेशींमध्ये एक गोष्ट समान आढळते. या पाचही वनस्पतींच्या येथे आढळणाऱ्या बहुतेक रोपांच्या पेशीकेंद्रात गुणसूत्रांचे दोन नव्हे, तर तीन किंवा चार संच असतात.

ही गोष्ट योगायोगाची नाही. आज भूतलावर असलेल्या संवहनी वनस्पतींच्या, म्हणजे पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या ऊती असलेल्या वनस्पतींच्या जातींपैकी सुमारे एक तृतीयांश जाती त्यांच्या प्रजातीच्या मूळ संख्येपेक्षा अधिक गुणसूत्रसंच बाळगतात, असा अंदाज २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात मांडला गेला. त्याच अभ्यासानुसार सपुष्प वनस्पतींमध्ये नवी जाती निर्माण होण्याच्या घटनांपैकी सुमारे १५ टक्के आणि नेच्यांमध्ये सुमारे ३१ टक्के घटनांच्या सोबत गुणसूत्रसंचांची वाढ झालेली असते. प्राण्यांमध्ये हा प्रकार क्वचितच टिकतो; वनस्पतींमध्ये मात्र तो विविधतेचा एक मोठा मार्ग ठरला आहे. तो मार्ग कसा चालतो, तो कुठे अडतो आणि तो खरोखरच विविधतेपर्यंत पोहोचतो का, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

संच आणि त्यांची वाढ

सजीवाच्या पेशीकेंद्रात जनुके ज्या धाग्यांवर ओळीने बसलेली असतात, त्या धाग्यांना गुणसूत्रे म्हणतात. लैंगिक प्रजनन करणाऱ्या बहुतेक सजीवांना गुणसूत्रांचा एक संच मातेकडून आणि एक पित्याकडून मिळतो. अशा दोन संचांच्या सजीवाला द्विगुणित म्हणतात. परागकण आणि बीजांड तयार होताना अर्धसूत्री विभाजन नावाची प्रक्रिया घडते. या प्रक्रियेत प्रत्येक गुणसूत्र आपल्या जोडीदाराशेजारी येते, दोघांमध्ये काही भागांची अदलाबदल होते आणि मग जोड्या फुटून प्रत्येक युग्मकात, म्हणजे प्रजननपेशीत, एकच संच जातो. पुढे फलनाच्या वेळी दोन युग्मके एकत्र आली की पुन्हा दोन संच होतात. पिढ्यानपिढ्या गुणसूत्रांची संख्या स्थिर राहते ती या हिशेबामुळे.

हा हिशेब कधी कधी चुकतो. विभाजन अपुरे राहिले, तर युग्मकात एकाऐवजी दोन्ही संच राहतात. अशा युग्मकांचे प्रमाण एरवी फार कमी असते, पण कडाक्याची थंडी, उष्णता किंवा अन्य ताण आल्यास ते वाढल्याचे आढळते. असे न्यून न झालेले युग्मक साध्या युग्मकाशी मिळाले, तर तीन संचांची त्रिगुणित वनस्पती तयार होते, आणि तशी दोन युग्मके एकत्र आली, तर चार संचांची चतुर्गुणित वनस्पती जन्माला येते. दोनपेक्षा अधिक संच असण्याच्या या अवस्थेला बहुगुणितता हे सर्वसाधारण नाव आहे.

त्रिगुणित वनस्पतीची अडचण महाराष्ट्रातील वाचकाला केळ्याच्या उदाहरणावरून चटकन कळेल. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक केळ्यांच्या झाडांत अकरा-अकरा गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण ३३ गुणसूत्रे असतात. अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी तीन सारख्या गुणसूत्रांची दोन गटांत समान वाटणी होऊ शकत नाही, त्यामुळे युग्मके बिघडतात आणि फळात बी धरत नाही. केळीची लागवड मुनव्यांपासून करावी लागते ती यामुळेच. चार संचांच्या वनस्पतीत मात्र वाटणी पुन्हा सम होऊ शकते आणि तिला बी धरण्याची संधी परत मिळते.

बहुगुणिततेचे दोन प्रमुख प्रकार मानले जातात. एकाच जातीचे संच वाढले, तर त्याला स्वबहुगुणितता म्हणतात. दोन वेगळ्या जातींचा संकर होऊन दोघींचे संच एकत्र आले आणि दुप्पट झाले, तर त्याला परबहुगुणितता म्हणतात. दुसरा प्रकार विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण दोन दूरच्या जातींचा संकर बहुधा वांझ असतो. त्याच्या पेशीतील एका जातीच्या गुणसूत्रांना दुसऱ्या जातीच्या संचात जोडीदार सापडत नाही. त्या संकराची गुणसूत्रे दुप्पट झाली, तर प्रत्येक गुणसूत्राला आपलीच दुसरी प्रत जोडीदार म्हणून मिळते आणि वांझपण संपते. महाराष्ट्रातील शेतीचा बराचसा भाग याच घटनेवर उभा आहे: खपली गव्हात २८ आणि पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रे असतात, आणि ती अनुक्रमे दोन व तीन रानटी गवतांचे संच एकत्र येऊन झालेली आहेत, देशी कापसात २६, तर मूळच्या अमेरिकेतील कापसात ५२ गुणसूत्रे असतात. शेतीने ही देणगी जपली. पण ती निर्माण करण्याचे काम रानाने केले.

रायस्वाइकच्या पदपथावरचे पोआ अनुआ हे गवत याच घडणीचे आहे. पोआ इन्फिर्मा ही भूमध्य समुद्राकाठची वर्षायू जाती आणि पोआ सुपिना ही डोंगराळ भागातील बहुवर्षायू जाती, या दोघींमध्ये प्रत्येकी १४ गुणसूत्रे. त्यांच्या संकरातून दुप्पट होऊन झालेल्या पोआ अनुआमध्ये २८. कॅप्सेला बुर्सा-पास्टोरिसमध्ये ३२ गुणसूत्रे असून तिची निर्मिती साधारण एक ते तीन लाख वर्षांपूर्वी दोन वेगळ्या वंशरेषा एकत्र येऊन झाली, असे २०१५ च्या जनुकीय अभ्यासातून दिसले. पांढऱ्या क्लोव्हरची गोष्ट तर आणखी अलीकडची आहे. सागरकिनाऱ्यावर राहणारी एक जाती आणि आल्प्सच्या उंचीवर राहणारी दुसरी जाती शेवटच्या हिमयुगाच्या काळात, सुमारे १५ ते २८ हजार वर्षांपूर्वी, एकमेकींच्या सान्निध्यात आल्या आणि त्यांच्या संकरातून हे क्लोव्हर झाले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. दोन्ही मातृजाती आजही आपापल्या मर्यादित प्रदेशात अडकून आहेत. त्यांची संतती मात्र समशीतोष्ण जगातील जवळजवळ प्रत्येक कुरणात पोहोचली आहे. पोआ अनुआने तर अंटार्क्टिकाही गाठले आहे.

ह्यूगो द फ्रीस आणि ‘गिगास’

गुणसूत्रे दुप्पट झाल्याने एका झटक्यात नवे रूप अवतरते, ही गोष्ट विज्ञानाच्या नजरेत प्रथम आली ती डच भूमीवरच. १८४८ मध्ये हार्लेम येथे जन्मलेले ह्यूगो द फ्रीस यांचे शालेय शिक्षण काही काळ रायस्वाइकला लागून असलेल्या द हेगमध्ये झाले, आणि रानात फिरून वनस्पती गोळा करण्याची त्यांची आवड त्या वयातलीच होती. पुढे अ‍ॅम्स्टरडॅम येथे प्राध्यापक असताना १८८६ मध्ये हिल्व्हरसमजवळच्या एका पडीक बटाट्याच्या शेतात त्यांना इनोथेरा लामार्कियाना या संध्याकाळी उमलणाऱ्या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीचा मोठा समूह दिसला. त्या समूहात नेहमीच्या रोपांपेक्षा निराळी रोपे अधूनमधून उगवत होती. द फ्रीस यांनी तिथले बी आणि रोपे बागेत नेऊन अनेक वर्षे पिढ्या वाढवल्या. त्यांना त्या पिकात ठळकपणे वेगळी असणारी रूपे पुन्हा पुन्हा मिळाली, आणि या निरीक्षणांवर त्यांनी १९०१ ते १९०३ या काळात दोन खंडांत आपला उत्परिवर्तनाचा सिद्धांत मांडला. नवी जाती हळूहळू साचणाऱ्या बारीक फरकांतून होत नसून एका उडीत होते, असे त्या सिद्धांताचे सार होते.

या रूपांपैकी एक १८९५ मध्ये त्यांच्या लागवडीत उगवले होते. त्याची पाने रुंद, खोड जाड, कळ्या फुगीर आणि फुले मोठी होती. द फ्रीस यांनी त्याला ‘गिगास’, म्हणजे महाकाय, असे नाव दिले. १९०७ मध्ये अमेरिकेतील संशोधिका अ‍ॅन लुट्झ यांनी त्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा मूळ इनोथेरात १४ आणि गिगासमध्ये २८ गुणसूत्रे असल्याचे दिसले. इनोथेरातील इतर बहुतेक नव्या रूपांची कारणे पुढे वेगळी निघाली, ती त्या वनस्पतीच्या गुणसूत्रांच्या विचित्र मांडणीत होती. त्यामुळे द फ्रीस यांचा सर्वसाधारण सिद्धांत टिकला नाही. पण एका पिढीत, एका उडीत, मातृजातीशी सहज प्रजनन न करू शकणारे नवे रूप जन्मास येऊ शकते, हे त्यांचे म्हणणे गिगासपुरते पूर्णपणे खरे होते. एका प्रकरणात चुकलेल्या सिद्धांताने दुसऱ्या प्रकरणाचे दार उघडले, असे विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडते, आणि इनोथेरा हे त्याचे लख्ख उदाहरण आहे.

यानंतरची प्रगती वेगाने झाली. १९१७ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ओयविंड विंगे यांनी संकर आणि दुप्पट यांच्या संयोगातून नव्या जाती होत असाव्यात, असा तर्क मांडला. १९३० मध्ये स्वीडनच्या आर्ने म्युंटझिंग यांनी गॅलिओप्सिसच्या दोन द्विगुणित जातींचा संकर करून, रानात आधीपासून असलेली गॅलिओप्सिस टेट्राहिट ही चतुर्गुणित जाती प्रयोगात पुन्हा घडवून दाखवली. १९३७ मध्ये कोल्चिसिन या वनस्पतिजन्य रसायनाने पेशीविभाजन अडवून गुणसूत्रे हवी तेव्हा दुप्पट करता येतात, हे स्पष्ट झाले, आणि निसर्गातील दुर्मीळ घटना प्रयोगशाळेच्या आवाक्यात आली. भारताच्या जानकी अम्मल यांनी इंग्लंडमध्ये असताना याच रसायनाने मॅग्नोलियाची चतुर्गुणित रोपे तयार केली. १९४५ मध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी लिहिलेला लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा संदर्भग्रंथ अनेक दशके अभ्यासकांच्या टेबलावर राहिला.

पहिल्या रोपाची एकाकी अवस्था

नवी चतुर्गुणित वनस्पती जन्मली, म्हणजे नवी जाती स्थिरावली असे नाही. तिच्या भोवती सगळी द्विगुणित रोपे असतात, आणि मधमाशा तिच्या फुलावर त्यांचेच पराग आणून टाकतात. चतुर्गुणिताच्या युग्मकात दोन आणि द्विगुणिताच्या युग्मकात एक संच असल्याने या संयोगातून त्रिगुणित गर्भ होतो, आणि तो बहुधा बीजातच मरतो किंवा वांझ रोप देतो. संख्येने कमी असलेल्या प्रकाराची बहुतेक बीजनिर्मिती अशी वाया जाते आणि तो प्रकार काही पिढ्यांत नाहीसा होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड लेव्हिन यांनी १९७५ मध्ये या अडचणीचे गणिती विवेचन केले. ज्या बहुगुणित वनस्पती आज दिसतात, त्यांनी ही अडचण कोणत्या ना कोणत्या मार्गाने ओलांडलेली असते, आणि रायस्वाइकच्या पाच वनस्पतींकडे पाहिले की ते मार्ग एकामागून एक स्पष्ट होतात.

पोआ अनुआ आणि कॅप्सेला यांचा मार्ग स्वपरागणाचा आहे. जोडीदाराची गरजच नसल्याने एक रोपही वंश चालवू शकते. पांढरे क्लोव्हर परपरागणावर अवलंबून असले, तरी त्याची धावती खोडे जमिनीवर मुळे धरत जातात आणि एकच रोप अनेक वर्षे आपली जागा वाढवत राहते. फिकारियाचा मार्ग वेगळाच आहे. तिच्या द्विगुणित प्रकारात १६ गुणसूत्रे असतात आणि बी चांगले धरते. नेदरलँड्समध्ये सर्रास आढळणाऱ्या चतुर्गुणित प्रकारात ३२ गुणसूत्रे असतात, बी फार कमी धरते, पण पानांच्या बगलेत गव्हाच्या दाण्याएवढे पांढुरके कंदुक धरतात. मे महिन्यात पाने पिवळी पडून विरली की हे कंदुक मातीवर पडतात, पावसाच्या पाण्याबरोबर उतारावरून वाहत जातात आणि पुढच्या वसंतात नव्या जागी हुबेहूब तीच वनस्पती उगवते.

दुग्धफेणीने शोधलेला मार्ग सर्वांत विलक्षण आहे. यूरोपच्या मध्य व दक्षिण भागात तिची १६ गुणसूत्रांची द्विगुणित रोपे आढळतात आणि ती परपरागणाने बी धरतात. या प्रकाराच्या प्रसाराची उत्तर सीमा नेदरलँड्समधून जाते. त्या सीमेच्या उत्तरेला जवळजवळ सगळी रोपे २४ गुणसूत्रांची, म्हणजे त्रिगुणित असतात. केळ्याच्या न्यायाने ती वांझ असायला हवीत, पण प्रत्येक फुलगुच्छातून शंभरावर बिया वाऱ्यावर उडतात. याचे उत्तर डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टन राउंकियेर यांनी १९०३ मध्ये एका साध्या प्रयोगाने दाखवले. त्यांनी न उमललेल्या कळीचा वरचा भाग धारदार पात्याने आडवा कापून टाकला. त्यात सगळे परागकोश आणि कुक्षी गेल्या, खाली फक्त बीजांडे उरली. फलन होण्याची शक्यताच संपली होती, तरीही काही दिवसांनी त्या कापलेल्या गुच्छात बिया पक्व झाल्या. या वनस्पतीत अर्धसूत्री विभाजनाची पायरी टळते आणि फलनाशिवाय अंडपेशीतून गर्भ वाढतो. या प्रक्रियेला अलिंगी बीजनिर्मिती म्हणतात. प्रत्येक बी आईची तंतोतंत जनुकीय प्रत असते.

प्रत्येक वंश स्वतःची प्रत काढत राहिला, तर विविधता कुठून येते, हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर डच अभ्यासकांनी दिले. त्रिगुणित रोपांनाही पराग येतात आणि त्यांतले थोडे कार्यक्षम असतात. हे पराग द्विगुणित रोपावर पडले, तर त्यांच्या संयोगातून नवी त्रिगुणित किंवा चतुर्गुणित रोपे निघतात आणि त्यांपैकी काहींना अलिंगी बीजनिर्मितीची क्षमता वडिलांकडून मिळते, असे पीटर फान डाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या संकरांतून दिसले. म्हणजे जिथे दोन्ही प्रकार शेजारी राहतात, तिथे नवे वंश सतत जन्म घेतात आणि मग स्वतःच्या प्रती काढत उत्तरेकडे पसरतात. वर्गीकरणतज्ज्ञांनी अशा वंशांना सूक्ष्मजाती म्हणून नावे दिली असून यूरोपात त्यांची संख्या हजारोंच्या घरात जाते. पानांच्या दातांचा आकार, देठाचा रंग, पुष्पगुच्छाखालच्या छदांची वळणे अशा बारीक खुणांवरून त्या ओळखतात. २०२२ मध्ये वाखेनिंगन येथील कीजीन कंपनीच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दुग्धफेणीतील असे एक जनुक शोधून काढले, ज्यामुळे अंडपेशी फलनाशिवाय विभाजू लागते. ते लेट्यूस या दूरच्या नात्यातील भाजीत घातल्यावर तिच्या अंडपेशीही तसेच वागू लागल्या. नेदरलँड्समधीलच परिसंस्थाविज्ञान संस्थेत कोएन फरहूफन यांनी २०१० मध्ये असेही दाखवले की एकसारख्या जनुकांच्या दुग्धफेणींना ताण दिला, तर डीएनएवरील रासायनिक खुणा बदलतात आणि त्यांतल्या अनेक पुढच्या पिढीतही उतरतात. प्रत काढून वाढणारा वंशही अगदी निश्चल नसतो, हे त्यातून कळते.

इतिहासाच्या डोळ्यांदेखत झालेल्या जाती

बहुगुणित जातीची निर्मिती सहसा हजारो वर्षांपूर्वी झालेली असते आणि तिचा माग जनुकांवरून काढावा लागतो. पण दोन प्रकरणांत ती आधुनिक काळात, नोंदींच्या उजेडात घडली. पहिले प्रकरण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे आहे. उत्तर अमेरिकेतील स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा हे चिखलातले गवत जहाजांसोबत साउदॅम्प्टनजवळ पोहोचले आणि तिथल्या स्थानिक स्पार्टिना मारिटिमाशी त्याचा संकर झाला; तो वांझ संकर १८७० मध्ये प्रथम गोळा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या वांझ संकराची गुणसूत्रे दुप्पट होऊन स्पार्टिना अँग्लिका ही सुपीक जाती तयार झाली. भरती-ओहोटीच्या चिखलात मूळ धरून गाळ अडवण्याची तिची ताकद पाहून डच अभियंत्यांनी १९२० च्या दशकात ती झीलंडच्या खाड्यांत मुद्दाम लावली. समुद्राकडून जमीन मिळवण्याच्या त्या काळच्या धोरणाशी ते सुसंगत होते. पण आज ती दलदलीच्या किनाऱ्यांवर इतर वनस्पतींची आणि पक्ष्यांच्या चराऊ चिखलाची जागा व्यापते, म्हणून जगातील उपद्रवी आगंतुकांमध्ये तिची गणना होते.

दुसरे प्रकरण अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील आहे. ट्रागोपोगॉनच्या तीन यूरोपीय जाती विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या पलूस भागात पोहोचल्या. त्यांच्या संकरांतून २४ गुणसूत्रांच्या दोन नव्या जाती झाल्याचे मॅरियन ओनबे यांनी १९५० मध्ये दाखवले. पुढील अभ्यासांतून या जाती एकदाच नव्हे, तर वेगवेगळ्या गावांत स्वतंत्रपणे अनेकदा जन्मल्याचे स्पष्ट झाले. या तीन जातींपैकी ट्रागोपोगॉन प्राटेन्सिस ही पिवळ्या फुलांची जाती नेदरलँड्सच्या रस्त्यांच्या कडेला आजही सर्वत्र आहे. यूरोपात या जातींचे संकरही होतात. तरी ज्या दोन नव्या जाती अमेरिकेत रुजल्या, त्या त्यांच्या मूळ खंडात स्थिरावलेल्या नाहीत. दुप्पट होण्याची क्षमता तीच असते. नव्याला जागा मिळेल असे उघडे रान मात्र सर्वत्र असत नाही.

दुपटीनंतरचे दीर्घ काम

नवी जाती झाली, एवढ्याने विविधता होत नाही. एका जातीपासून अनेक जाती होण्यासाठी दुपटीनंतर बरेच काही घडावे लागते, आणि ते जनुकांच्या पातळीवर घडते. गुणसूत्रे दुप्पट झाली की प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती होतात. एका शेतावर दोन बैलजोड्या असल्या, तर एक नांगराला जुंपून दुसरी मोटेला लावता येते. त्याचप्रमाणे एका प्रतीने जुने काम चालू ठेवले, तर दुसरी बदलण्यास मोकळी राहते. बहुतेक वेळा दुसरी प्रत निकामी होऊन नष्ट होते. काही वेळा दोन्ही प्रती जुने काम आपसांत वाटून घेतात. आणि क्वचित एका प्रतीला पूर्णपणे नवे काम मिळते. लाखो वर्षांत बहुतेक जादा प्रती गळून पडतात आणि बहुगुणित वनस्पती पुन्हा द्विगुणितासारखी वागू लागते.

मोहरीच्या कुळात ही प्रक्रिया स्पष्ट दिसते. या कुळातील अरेबिडॉप्सिस या छोट्या रोपाची संपूर्ण जनुकमाला २००० मध्ये वाचली गेली, तेव्हा इतक्या आटोपशीर जनुकमालेतही जुन्या दुपटींच्या खुणा सापडल्या. मोहरी, कोबी आणि मुळा यांना तिखटपणा देणारी ग्लुकोसिनोलेट नावाची द्रव्ये ही या वनस्पतींची किड्यांविरुद्धची ढाल आहे. ती बनवणाऱ्या जनुकांच्या जादा प्रती दुपटींतून मिळाल्या आणि त्यांतून या द्रव्यांचे नवे प्रकार घडले. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरांच्या गटाने त्या विषांवर मात करणारी स्वतःची जनुके घडवली आणि दोन्ही बाजूंनी चढाओढ वाढत गेली, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. मात्र दुप्पट होताच जातींचा स्फोट झाला असे नाही. मोहरी कुळाच्या मुळाशी झालेल्या दुपटीचा वारसा एथिओनेमा या लहान शाखेलाही मिळाला, पण ती शाखा थोड्या जातींवर थांबली. उरलेल्या शाखेत मात्र हजारो जाती झाल्या. वाखेनिंगनचे एरिक श्रान्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यावरून असा विचार मांडला की दुप्पट आणि विविधतेची वाढ यांत लाखो वर्षांचे अंतर पडू शकते. दुपटीने साहित्य पुरवले जाते, आणि नंतर हवामान बदलल्यावर किंवा नवा प्रदेश उघडल्यावर त्याचा उपयोग होतो.

या विषयात मतभेद आहेत, आणि ते अभ्यासाला पुढे नेणारे आहेत. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ लेडयार्ड स्टेबिन्स यांचे मत असे होते की बहुगुणित जाती पसरतात खऱ्या, पण उत्क्रांतीच्या मोठ्या नवनिर्मितीत त्यांचा वाटा अल्प असतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही अलीकडे झालेल्या बहुगुणित जातींपासून पुढे नव्या जाती कमी वेगाने होतात, असे आढळले. दुसरीकडे सर्व सपुष्प वनस्पतींच्या पूर्वजात एक प्राचीन दुप्पट झालेली होती, याचे पुरावे २०११ नंतर भक्कम झाले. बेल्जियममधील गेंट येथील इव्ह फान दे पीअर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असे निदर्शनास आणले की अनेक वनस्पतिकुळांतील जुन्या दुपटी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळाभोवती एकवटलेल्या दिसतात. डायनोसॉर नाहीसे झाले तोच हा काळ. या दोन्ही बाजूंचा मेळ एकाच गोष्टीतून लागतो. बहुतेक दुपटी लवकर संपतात. ज्या थोड्या टिकतात, त्या बहुधा जग उलथापालथ होत असताना टिकतात, आणि त्यांच्या वंशजांतून पुढे मोठी कुळे उभी राहतात.

उघडी जमीन, नवी संधी

अशी उलथापालथ रायस्वाइकच्या मातीने अलीकडेच पाहिली आहे. पश्चिम नेदरलँड्सचा बहुतेक पृष्ठभाग गेल्या दहा हजार वर्षांत समुद्राच्या गाळाने आणि दलदलीतल्या पीटने बनलेला आहे, आणि त्यानंतर माणसाने तो बंधारे घालून, पाणी उपसून, खणून आणि फरसबंदी करून सतत बदलला आहे. इथली प्रत्येक रानवनस्पती बाहेरून आलेली आहे, आणि नव्या, अस्थिर जमिनीवर पोहोचणाऱ्यांत बहुगुणित जातींचे प्रमाण मोठे असते. २०१९ मध्ये जगभरच्या वनस्पतींवर झालेल्या एका अभ्यासानुसार विषुववृत्तापासून ध्रुवांकडे जाताना बहुगुणित वनस्पतींचे प्रमाण वाढत जाते. थंडी, हिमयुगांनी रिकामी केलेली जमीन आणि बहुवर्षायू सवयी ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. माणसाने घडवलेल्या जागीही हेच दिसते. कोक्लेआरिया डानिका ही ४२ गुणसूत्रांची, मूळची समुद्रकाठी खाऱ्या मातीत वाढणारी लहानशी वनस्पती गेल्या काही दशकांत नेदरलँड्सच्या महामार्गांच्या कडेने देशभर पसरली, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठाने रस्त्याची कड तिच्यासाठी किनाऱ्यासारखी झाली.

या चित्राला एक चिंतेची बाजू आहे. दिल्ली विद्यापीठाचे महाराज पंडित आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हजारो जातींची तुलना करून दाखवले की आगंतुक आणि उपद्रवी वनस्पतींत बहुगुणित जातींचे प्रमाण अधिक, तर संकटग्रस्त वनस्पतींत द्विगुणित जातींचे प्रमाण अधिक असते. ज्या गुणांमुळे बहुगुणित वनस्पती उघडी जमीन पटकन व्यापते, तेच गुण तिला दुसऱ्याची जागा घेण्यासही समर्थ करतात. जमीन जितकी खणली, बुजवली आणि सारखी केली जाईल, तितका पोआ अनुआसारख्यांचा फायदा होईल आणि अरुंद अधिवासाला चिकटून असलेल्या जातींचा ऱ्हास होईल.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न लागू आहे. सह्याद्रीच्या कातळ पठारांवर, कोकणच्या सड्यांवर आणि समुद्रकाठी वाढणाऱ्या कंदवर्गीय वनस्पतींत गुणसूत्रसंचांचे वेगवेगळे प्रकार आढळतात. भारतातील कोळकांद्याच्या समूहांतून २०, ३० आणि ४० गुणसूत्रांची, म्हणजे द्विगुणित, त्रिगुणित आणि चतुर्गुणित अशी तिन्ही प्रकारची रोपे नोंदली गेली आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील अनेक प्रदेशनिष्ठ वनस्पतींची गुणसूत्रे मोजण्याचे काम नेटाने केले आहे. त्या कामाचे महत्त्व रायस्वाइकच्या उदाहरणावरून लक्षात येते. बाहेरून एक दिसणारी जाती आतून दोन किंवा तीन स्वतंत्र वंशांची असू शकते आणि त्यांतला एक प्रकार सर्वत्र पसरत असताना दुसरा एखाद्याच पठारावर शेवटचा श्वास घेत असू शकतो. केवळ पाने आणि फुले पाहून संरक्षणाची यादी करणाऱ्याला हा फरक कळणार नाही.

गुणसूत्रांची दुप्पट ही निसर्गाची चूक असेल, पण तिच्या परिणामांना चूक म्हणता येत नाही. तिने दोन वेगळ्या वंशांना एकत्र आणले, वांझ संकरांना बी दिले, जादा जनुकांच्या रूपाने पुढच्या बदलांचे साहित्य पुरवले आणि संकटाच्या काळात काही वंशांना तरून जाण्याची संधी दिली. तिच्या हाती मात्र फक्त सुरुवात असते. नवा प्रकार वाढेल की विरून जाईल, तो विविधतेत भर घालेल की ती कमी करेल, हे तो कोणत्या जमिनीवर उतरतो यावर ठरते; आणि आज पृथ्वीवरच्या फार मोठ्या जमिनीचे स्वरूप माणूस ठरवत असल्याने, रानवनस्पतींच्या पुढच्या विविधतेची जबाबदारीही बऱ्याच अंशी माणसावर आली आहे.